हॅवलॉकला डायव्हिंग : पैसे कुठे जातात आणि घोळ कुठे होतो

'एक डायव्ह, फोटो-व्हिडिओसह साडेचार हजार' ही जाहिरात खोटी नसते, फक्त अपुरी असते. मुंबई-पुण्याहून निघालेल्या माणसाला अंदमानातल्या हॅवलॉक बेटाच्या पाण्यात उतरेपर्यंत विमान, टॅक्सी, बोट, पुन्हा रिक्षा आणि किमान एका रात्रीची खोली लागते. परत येतानाही तेच सगळं. हे पैसे तुम्ही एकदा पाण्यात उतरा की सहा वेळा, तेवढेच जाणार. त्यामुळे अंदमानला फक्त एका डायव्हसाठी जाणं हा सगळ्यात महाग डायव्ह ठरतो. जायचंच असेल, तर चार दिवस काढून कोर्स करून या. नुसती पाण्याखालची चव घ्यायची असेल, तर कोकण किंवा कारवार किनारा पुरेसा आहे.

हॅवलॉकचं सरकारी नाव २०१८पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४पासून श्री विजयपुरम. बुकिंग करताना दोन्ही नावं दिसतील. गोंधळू नका, ठिकाणं तीच आहेत.

एकदाच उतरायचं असेल तर

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होणारा डायव्ह उथळ आणि थोडक्यात आटोपणारा असतो. पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं, मार्गदर्शक तुम्हाला धरून असतो आणि मासे जवळ यावेत म्हणून बरेचदा खाऊ टाकला जातो. पाणी किती स्वच्छ मिळेल ते त्या दिवसाच्या नशिबावर. स्वस्त आहे, घराजवळ आहे आणि आपले कान पाण्याखाली कसे वागतात हे कळायला तेवढं पुरतं. नीट शिकायचं असेल तर तिथेच तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे.

त्याच्या पुढची पायरी नेत्राणी. कर्नाटकात मुरुडेश्वरसमोर साधारण १९ किलोमीटर आत असलेलं हे बेट आहे. कोकण रेल्वेने मुरुडेश्वर किंवा भटकळला उतरायचं, सकाळी बोट पकडायची, दुपारी किनाऱ्यावर परत. डायव्हचे साधारण चार ते सहा हजार आणि रेल्वेचं तिकीट, एवढ्यात काम होतं. बोटीचा प्रवास तासा-दीड तासाचा आहे आणि बेटाजवळ बोट नांगरली की ती डुलत राहते. बोट लागण्याचा त्रास ज्यांना आहे, त्यांना खरा त्रास तेव्हा होतो, चालत्या बोटीत नव्हे. पावसाळ्यात दोन्ही ठिकाणं बंद.

कोर्स म्हणजे नेमकं काय

हॅवलॉकवर पाडी आणि एसएसआय या दोन संस्थांचे कोर्स सर्रास चालतात. पहिला कोर्स 'ओपन वॉटर डायव्हर'. तो झाला की १८ मीटरपर्यंत, जोडीदाराबरोबर, जगात कुठेही डायव्ह करता येतो. पुढचा 'ॲडव्हान्स्ड' ३० मीटरपर्यंत नेतो. पाडी किंवा एसएसआय, कोणतंही घ्या. कोर्स झाल्यावर मिळणारं कार्ड सगळीकडे चालतं. संस्थेच्या नावापेक्षा शिकवणारा कोण आणि एका शिक्षकामागे किती जण, हे जास्त महत्त्वाचं. चारपेक्षा जास्त असतील तर दुसरं सेंटर बघा.

कोर्सचे तीन भाग असतात. पहिला अभ्यास, जो आता ऑनलाइन होतो आणि आठ-दहा तास खातो. दुसरा, उथळ शांत पाण्यातली कौशल्यं: मास्कमध्ये आलेलं पाणी नाकाने फुंकून काढणं, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर (ज्यातून सिलिंडरची हवा ओढतात तो भाग) शोधून परत लावणं, जोडीदाराची हवा घेऊन वर येणं. तिसरा, समुद्रातले चार डायव्ह. पोहायची परीक्षाही आहे: २०० मीटर कुठल्याही पद्धतीने, न थांबता, आणि मग दहा मिनिटं पाण्यावर तरंगत राहायचं. वेळेचं बंधन नाही. मास्क आणि फिन्स (पायातली वल्ह्यासारखी पाती) लावून पोहणार असाल तर ३०० मीटर. पोहता न येणारे लोक 'तिथे जाऊन बघू' म्हणतात आणि पहिल्या दिवशीच अडकतात. सोसायटीच्या तलावात दोन महिने आधी सुरुवात केली तर जमतं. वयाची किमान अट १० वर्षं.

पैसे आणि सुटी वाचवायची एक चांगली वाट बरेच जण विसरतात. मुंबई-पुण्यात डायव्हिंग शिकवणारे आहेत. त्यांच्याकडे अभ्यास आणि तलावातला भाग शनिवार-रविवारी उरकून घ्यायचा आणि 'रेफरल'चा कागद घेऊन फक्त समुद्रातल्या चार डायव्हसाठी बेटावर जायचं. पाडीमध्ये हा कागद १२ महिने चालतो. याने बेटावरचा एखाद-दुसरा दिवस वाचतो. एकूण फी मात्र फारशी कमी होत नाही, कारण दोन ठिकाणी पैसे जातात. सुटी कमी असलेल्यांसाठी ही सोय आहे, पैसे कमी असलेल्यांसाठी नाही.

तारखा : कॅलेंडरमध्ये अष्टमी बघा

अंदमानात डिसेंबर ते एप्रिल हा भरवशाचा काळ. त्यातही फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये समुद्र शांत आणि पाणी स्वच्छ मिळण्याची शक्यता जास्त. मेच्या मध्यापासून नैर्ऋत्य मोसमी वारे येतात आणि बोटी रद्द होऊ लागतात. नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा टाळा. विमान, खोली, बोट सगळंच महाग होतं आणि शिक्षकांवर इतका ताण असतो की तुमच्या वाट्याला घाई येते.

महिना ठरला की तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते: पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, त्यामुळे प्रवाह जोरात आणि पाणी गढूळ. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे प्रवाह मंद. चंद्राचा परिणाम एक-दोन दिवस उशिरा दिसतो, म्हणून कोर्सचे समुद्रातले डायव्ह अष्टमी ते एकादशीच्या दरम्यान पडतील असं बघा. कोळ्यांच्या घरात हे कोणी शिकवावं लागत नाही. आपण मात्र लाँग वीकेंड बघून तिकीट काढतो. डिक्सन्स पिनॅकल किंवा जॉनीज गॉर्जसारख्या खोल, उघड्या समुद्रातल्या जागांवर हा फरक चांगलाच जाणवतो. किनाऱ्याजवळच्या निमो रीफवर कमी.

बुकिंग उलट्या दिशेने करा

नेहमीची पद्धत म्हणजे आधी स्वस्त विमान, मग बाकी. डायव्हिंगला ती उलटी पडते, कारण शेवटचा डायव्ह आणि परतीचं विमान यांत अंतर ठेवावंच लागतं. खोल पाण्यात दाबामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो. नायट्रोजन शिल्लक असताना वर गेलात तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणून एकच डायव्ह केला असेल तर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त किंवा रोज डायव्ह केले असतील तर किमान १८ तास विमान नाही. हिशेबाला सोपे म्हणून २४ धरा.

तेव्हा क्रम असा: आधी डायव्ह सेंटरकडून तारखा पक्क्या, मग विमान, विमान कळलं की त्याच दिवशी बोट, शेवटी खोली. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी बोटी (मकरूझ, नॉटिका, ग्रीन ओशन वगैरे) दीड ते दोन-अडीच तासांत नेतात. सरकारी बोट बरीच स्वस्त, पण तिचं तिकीट फार आधी मिळत नाही आणि स्थानिकांना प्राधान्य असतं, जे योग्यच आहे. बाहेरून आलेल्याने तिच्या भरवशावर परतीचं विमान ठेवू नये. विमान आणि बोट यांच्यामध्ये किमान तीन तास ठेवा, आणि तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळतंय ना हे तपासा.

शनिवारी निघणाऱ्याचं आठवड्याचं वेळापत्रक असं बसतं: शनिवारी पहाटेचं विमान, दुपारच्या बोटीने हॅवलॉक. रविवार ते मंगळवार कोर्स. बुधवारी सकाळी दोन मोकळे डायव्ह, अकराच्या सुमारास पाण्याबाहेर. गुरुवारी सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअर, दुपारी सेल्युलर जेल, तिथेच मुक्काम. शुक्रवारी विमान. गुरुवार हा कोरडा दिवस फुकट गेला असं वाटेल, पण तो दोन कामं करतो: नायट्रोजन बाहेर पडतो आणि हवामानामुळे एखादी बोट रद्द झाली तर पुढची पकडायला जागा राहते. हा दिवस कापून त्याच दिवशी बोट आणि विमान दोन्ही ठेवणाऱ्यांचेच हजारो रुपये बुडतात.

एका माणसाचा हिशेब

खालचे आकडे अंदाज बांधायला आहेत. हंगाम आणि सेंटरप्रमाणे वर-खाली होतील. दोघं एका खोलीत राहतील असं धरलं आहे.

- मुंबईहून जा-ये विमान : २०,०००
- खासगी बोट, दोन्ही बाजू : ३,४००
- खोली, ६ रात्री, निम्मा वाटा : ९,०००
- जेवण, ७ दिवस : ७,०००
- स्कूटर ४ दिवस, पेट्रोलसह : २,४००
- पोर्ट ब्लेअरमधल्या टॅक्सी-रिक्षा : १,५००
- ओपन वॉटर कोर्स : ३०,०००
- हात राखून : ५,०००

एकूण ७८,३००. बुधवारचे दोन मोकळे डायव्ह बोटीवरून केले तर त्यात सहा ते आठ हजार वाढवा. कोर्सची फी विचारताना चार गोष्टी स्पष्ट करून घ्या: जीएसटी धरला आहे का, ऑनलाइन अभ्यासाचे आणि कार्डाचे पैसे त्यात आहेत का, चारही डायव्ह बोटीवरून आहेत की काही किनाऱ्यावरून, आणि डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली खोली आणि वेळ दाखवणारं मनगटी यंत्र) भाड्याने वेगळा घ्यावा लागतो का. 'स्वस्त' आणि 'महाग' सेंटरमधला फरक बरेचदा याच चार ओळींत सापडतो.

रोख पैसे जवळ ठेवा. २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून अंदमानचं इंटरनेट खूप सुधारलं, तरी बेटावर यूपीआय ऐन वेळी अडतं आणि एटीएममध्ये रांग लागते.

कुटुंब बरोबर असेल तर आणखी एक खर्च: तुम्ही सकाळी सहाला बोटीवर गेलात की बाकीच्यांनी करायचं काय? सेंटर जागा असेल तर न उतरणाऱ्यालाही पैसे घेऊन बोटीवर नेतं, पण डुलत्या बोटीवर चार तास बसणं ही सासूबाईंसाठी सहल नव्हे. त्यांना त्या दिवशी राधानगर किनाऱ्याची गाडी ठरवून द्या.

डॉक्टरची सही घरी घ्या

कोर्सआधी आरोग्याची एक प्रश्नावली भरावी लागते. दमा, फिट येणं, हृदयविकार, मधुमेहाची औषधं, कानाची किंवा फुप्फुसाची शस्त्रक्रिया, अशा प्रश्नांना 'हो' असेल तर डॉक्टरच्या सहीशिवाय पाण्यात सोडत नाहीत. ही प्रश्नावली मागवून निघण्याआधी महिनाभर आपल्या डॉक्टरकडे जा. बेटावर पोहोचल्यावर 'हो' लिहिलंत तर सही मिळवण्यात एक दिवस जातो. 'नाही' असं खोटं लिहिलंत तर धोका तुमचाच. दिवस राहिले असतील तर डायव्हिंग नाही, यात तडजोड नाही.

विम्याचं पण तसंच. साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात. पॉलिसीत स्कूबा आणि खोली दोन्ही लिहिलेलं आहे का ते वाचा. डायव्हरसाठीचा वेगळा विमा डॅन या संस्थेकडून मिळतो. नायट्रोजनच्या त्रासावर ज्या दाबाच्या कक्षात उपचार होतात, तो हॅवलॉकवर नाही. म्हणजे माणसाला हलवावं लागतं आणि खरा खर्च त्या हलवण्याचा असतो.

पाण्यात काय बिघडतं

सगळ्यात जास्त डायव्ह कानामुळे फुकट जातात. पृष्ठभागावर दाब १ वातावरण, १० मीटरवर २. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्ये दाब दुप्पट होतो. पुढचे १० मीटर उतरल्यावर तो फक्त दीडपट होतो. म्हणून दुखणं सुरू होतं ते दोन-तीन मीटरवरच. नाक दाबून हळूच फुंकायचं आणि कान मोकळे करायचे, तेही दुखायच्या आधी, दर अर्ध्या मीटरला. दुखायला लागलं तर तसंच खाली रेटू नका आणि जोरातही फुंकू नका. एक मीटर वर या, मोकळे करा, मग उतरा. जोराने फुंकल्याने आतल्या कानाला इजा होते. सर्दी असेल तर तो दिवस सोडा. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर पाण्याखालीच संपला, तर वर येताना हवा अडकते आणि ते जास्त वाईट. म्हणूनच वेळापत्रकात एखादा दिवस सुटा असावा. विमानातला आणि हॉटेलातला एसी निघायच्या दिवसापासून सांभाळा.

दुसरी तक्रार: 'माझी हवा लवकर संपली.' नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा, २०० बारला (बार म्हणजे साधारण एक वातावरणाएवढा दाब) भरलेला. ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं, म्हणजे वापरायला १५० बार, साधारण १,६६५ लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस १८ मीटरवर २.८ पट दाबात ५६ लिटर घेतो. त्याला जेमतेम ३० मिनिटं मिळतात. घाबरून २५ लिटर घेणाऱ्याला २४. आणि २० लिटरवाला माणूस ९ मीटरवर राहिला तर ४४ मिनिटं. हात हलवू नका, कंबरेला गरजेपुरतंच वजन घ्या, सावकाश लांब श्वास सोडा. श्वास मात्र कधीही रोखून धरायचा नाही, विशेषतः वर येताना. फुप्फुसातली हवा फुगते. सावकाश वर यायचं आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

मास्कचं दुखणं स्वतंत्र आहे. नवीन मास्कच्या काचेवर सिलिकॉनचा थर असतो, तो टूथपेस्टने आतून तीन-चारदा घासून काढला नाही तर कितीही थुंकी लावली तरी काच धुकटते. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये वरच्या ओठाजवळून पाणी शिरतं. मिशी तिथे थोडी कमी करणं हा साधा उपाय. व्हॅसलीन लावू नका, सिलिकॉन खराब होतं. चष्मा असेल तर नंबरची काच बसवलेला मास्क मिळतो का ते सेंटरला आधी विचारा. पाण्याखाली वस्तू मोठ्या आणि जवळ दिसत असल्याने कमी नंबरवाल्यांचं बिनचष्म्याने निभावतं. स्वतःचं काही विकत घ्यायचं असेल तर फक्त मास्क घ्या. बाकी सामान विमानाच्या १५ किलोत बसवण्यात अर्थ नाही, भाड्याचं चालतं. पाणी वर्षभर २७ ते ३० अंश असतं, ३ मिलिमीटरचा सूट पुरे.

बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आणा आणि ती घरी एकदा घेऊन बघा. बऱ्याच गोळ्यांनी झोप येते आणि पेंगत डायव्ह करणं बरं नाही. रिकाम्या पोटी उतरू नका. पोहे, केळं, चहा कमी. आदल्या रात्री दारू नाही.

रंगांबद्दल अपेक्षा आधीच नीट ठेवा. पाणी आधी लाल रंग शोषतं. पाच-सहा मीटरवरच तो जातो आणि सगळं निळसर दिसतं. जाहिरातीतले फोटो दिवे लावून काढलेले असतात. शिवाय २०१०च्या उन्हाळ्यात समुद्र तापून अंदमानातले उथळ पाण्यातले बरेच प्रवाळ पांढरे पडून मेले. मासे भरपूर आहेत, प्रवाळ सगळीकडे पूर्वीसारखे नाहीत.

सेंटरवर पाय ठेवल्यावर

बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का ते विचारा आणि दाखवायला सांगा. सिलिंडरच्या मानेजवळ दाब-चाचणीची तारीख कोरलेली असते, ती वाचा. शिक्षकाचा क्रमांक पाडी किंवा एसएसआयच्या संकेतस्थळावर तपासता येतो. भाड्याच्या जॅकेटची (हवा भरून तरंगायचं ते) फुगवायची आणि हवा सोडायची अशा दोन्ही झडपा स्वतः दाबून पाहा. रेग्युलेटर तोंडात धरून दाबमापकाकडे बघत तीन-चार श्वास घ्या. काटा खाली-वर नाचला तर सिलिंडर पूर्ण उघडलेला नाही. या प्रश्नांना कोणी वैतागलं, तर पैसे भरण्याआधीच उत्तर मिळालं असं समजा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी लॉगबुकवर प्रत्येक डायव्हची खोली, वेळ आणि शिक्षकाची सही घेऊन ठेवा, आणि कार्डाची नोंद ऑनलाइन झाली का ते तिथेच बघा. नंतर फोनवर पाठपुरावा करत बसावं लागतं. सांधे दुखणं, मुंग्या येणं, विचित्र थकवा असं काही २४ तासांत वाटलं तर विमान रद्द करा आणि सेंटरला लगेच कळवा. बॅग भरताना मुलांचे खिसेही तपासा. प्रवाळाचा तुकडा, किनाऱ्यावर मेलेला सापडलेला असला तरी, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो आणि पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर सामानाच्या तपासणीत तो निघतो.